चौथा काप

प्रयोगशाळेत तिला सगळे मास्तरीण म्हणत, अर्थात पाठीमागे. कातडीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आज तिच्यापुढे सख्ख्या धाकट्या बहिणीचा तुकडा होता. खरं तर तो दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला हवा होता. पण ऐकेल तर ती मास्तरीण कसली.

सहा वर्षं इसब समजून ज्यांवर मलमं चोळली, ते चट्टे कातडीतल्या लिम्फोमाचे, म्हणजे कर्करोगाचे निघाले. आता गाठी आल्या होत्या आणि नेहमीच्या औषधांनी हात टेकले होते. एक नवं औषध होतं, पण पेशींवर एक ठरावीक प्रथिन असेल तरच ते लागू पडायचं. काप तपकिरी झाला तर औषध मिळणार, निळा राहिला तर नाही.

काप निळाच राहिला. काचेच्या कडेला पडताळणीसाठी लावलेला टॉन्सिलचा तुकडा मात्र व्यवस्थित तपकिरी झाला होता, म्हणजे रंगात खोट नव्हती. तरी तिला पटेना. आशा फार वाईट असते. तिने दुसरा काप काढला, मग तिसरा. टॉन्सिल तपकिरी, बहीण निळी. चौथ्यासाठी पातं फिरवलं, तेव्हा नुसतं मेण आलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. “अहो, आणखी एक प्रथिन बघायचंय. ते सापडलं तर त्यावरही औषध आहे. राखीव काप द्या.”

राखीव काप आधी बाजूला ठेवायचे, हा नियम तिनेच सगळ्यांकडून घोकून घेतला होता. तिने मेणाचा रिकामा ठोकळा पुढे केला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय.

“तुमच्या बहिणीची तुकडा काढल्याची पहिलीच जखम चिघळलीय, अंगात ताप आहे,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. “महिनाभर तरी नवा तुकडा काढता यायचा नाही.” गाठी महिनाभर थांबणार नव्हत्या, हे दोघींनाही माहीत होतं.

संध्याकाळी तिने बहिणीच्या खाटेशी बसून, तिचा हात हातात घेऊन सगळं सांगितलं.

“ताई, कुणाला पाठीशी घालतेस गं?” बहीण हसली. “नवी पोरगी असेल कोणी. तिला फार बोलू नकोस.”

“कुणी नाही. मीच संपवला तुकडा.”

बहिणीने आपला हात काढून घेतला.