पखवाज मधोमध

पखवाज मधोमध बसायला हवा. तो उजवीकडे सरकला होता.

मी हेडफोन काढले, कानावरच्या गाद्या पुसल्या, पुन्हा घातले आणि भजन पहिल्यापासून लावलं. टाळ दोन्हीकडे नीट, पेटी नीट, बुवांचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये. पखवाजाची थाप मात्र उजव्या कानात धुम्म घुमत होती आणि डाव्या कानात नुसती टकटक. खालचा भरीव आवाज तिकडे नव्हताच. म्हटलं, डावा कप गेला. मग आमच्या रीतीप्रमाणे हेडफोन उलटे घातले, डावा कप उजव्या कानावर आणि उजवा डाव्यावर. आता पखवाज डावीकडे यायला हवा होता.

तो हलला नाही. उजवीकडेच वाजत राहिला.

उलटं घालून बघायचं कारण सोपं आहे. उणीव कपाबरोबर फिरली तर खोट हेडफोनात. जिथल्या तिथे राहिली तर खोट ऐकणाऱ्याच्या कानात. ही रीत कारखान्यात मीच हट्टाने लावली होती. एवढी शहाणी मी! समोर मंदारदादा टेबलावर वाकून काहीतरी जोडत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा मी हसले आणि अंगठा दाखवला. का दाखवला ते देव जाणे.

मंदारदादा पुण्यातली नोकरी सोडून भोरला परत आले आणि भाटघर रस्त्यावरच्या आपल्या घराच्या पुढच्या खोल्यांत हेडफोन बनवायला लागले. साधे नाहीत, प्लेनर. त्यात कागदी भोंगा नसतो. लोहचुंबकांच्या मध्ये एक अतिशय पातळ पडदा ताणून बसवतात आणि तो सगळाच्या सगळा हलतो. मी तिथे गेले ती गाद्या शिवायला. एकदा गादी कशी बसते ते बघायला हेडफोन कानाला लावून बसले आणि सहज म्हणून गेले की ह्याचा आवाज कोंदट आहे, कालचा मोकळा होता. दादांनी यंत्र लावून पाहिलं, तर तसंच निघालं. तेव्हापासून प्रत्येक हेडफोन यंत्रावर तपासून झाला की माझ्या कानावर येतो आणि मी बरा म्हटल्यावरच डब्यात जातो. शिवणाऱ्या बायका भोरमध्ये ढिगाने आहेत. मला लोक दारावर शोधत येऊ लागले ते ह्या कानांमुळे.

हा नवा नमुना घडी घालून पिशवीत मावणारा होता, पाठीमागून बंद. एसटीत बसून ऐकलं तरी गाडीचा खडखडाट आत येऊ नये असा. गाद्या लहान, कानावर जेमतेम टेकणाऱ्या. पाठ बंद असली की फट चालत नाही. गादी आणि कान यांच्यात जराशी वाट मिळाली की खालचा आवाज पळालाच. हे मला पुरतं ठाऊक होतं. म्हणून मी गाद्यांची शिवण बोट फिरवून फिरवून पाहिली. एक टाका सुटलेला सापडला असता तर मी त्याचा मुका घेतला असता.

भीती उगाच नव्हती. माझी आई गुलजारबी बांगड्या भरायची. भोरपासून वेल्ह्यापर्यंतच्या गावांत लग्न ठरलं की तिला बोलावणं यायचं. माझ्याच वयाची असताना तिचा डावा कान गेला आणि मागोमाग उजवा. वेल्ह्याकडच्या एका लग्नात नवरीची मावशी डावीकडून हाका मारत राहिली आणि ही आपली दुसरीच्याच हातात बांगड्या चढवत बसली. बायका आधी चिडल्या. मग कुणीतरी खूण करून सांगितलं की ऐकू येत नाही, आणि मांडवभर हसू पिकलं. मी तिच्या शेजारी बांगड्यांची पेटी धरून बसले होते. घरी येताना ती मला विचारत होती, का हसल्या गं? मी सांगितलं नाही. त्यानंतर तिने पेटी उचलली नाही.

तेव्हा मला माहीत होतं बहिरेपण काय असतं. नुसतं ऐकू न येणं परवडलं. आपल्याला कळायच्या आधी ते लोकांना कळलेलं असतं, हे वाईट.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. इरशाद, म्हणजे माझे मिस्टर, टेम्पो घेऊन सारोळ्याला गेले की तिथून फोन करतात. तो मी मुद्दाम डाव्या कानाला लावायचे. कधी वाटायचं आवाज स्वच्छ आहे, कधी वाटायचं विहिरीतून बोलताहेत. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा कान तपासता येत नाही. डॉक्टरकडे जायचा विचार आला की मी तो उद्यावर ढकलायचे. डॉक्टरने सांगितलं म्हणजे ते खरंच झालं. आईजवळ तर बसवेना. तिने हातवारे केले की मी तिच्यावर खेकसायचे. तिला ते ऐकू जात नव्हतं म्हणून जास्तच.

इकडे माल अडला होता. दादा विचारायचे, शगुफ्ता, नवे कसे वाटतात? मी म्हणायचे, अजून कान बसायचाय. शेवटी त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले.

"डावीकडं कमी वाटतंय का तुला? खरं सांग. डावे पडदे गेनू ताणतो. त्याचा हात बिघडला असेल तर त्याला दुसरं काम देतो."

गेनू पलीकडच्या खोलीत होता. मुकाट्याने काम करणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी नुसती हो म्हणाले असते तर माझी सुटका होती. हो अगदी ओठावर आलं होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, गेनूचं काम चांगलं आहे, मला उद्याचा दिवस द्या. दादांनी माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही. वेल्ह्याच्या मांडवातल्या बायका हसायच्या आधी तशाच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी कबूल करायचं असं ठरवून गेले. दादा बँकेत गेले होते. मालिनीवहिनी, त्यांच्या पत्नी, डबे भरत बसल्या होत्या. म्हणाल्या, बघू तरी कसला आवाज आहे, ज्याच्यापायी घरात कुणी धड जेवत नाही. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि हेडफोन घातले. मी सहज विचारलं, वहिनी, ऐकायला चष्मा कशाला काढला?

"अगं, काडीमुळं फट राहते ना. हे लहान गाद्यांचे हेडफोन फार नाटकी आहेत."

माझा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. थंडी पडल्यापासून मी ओढणीच्या आत एक पातळ स्कार्फ बांधत होते. त्याची टाचणी डावीकडे, आणि टाचणीशी कापडाची जाड चुणी, बरोबर कानावर. आधीच्या मोठ्या गाद्या त्या चुणीसकट सगळं झाकून घ्यायच्या. ह्या लहान गाद्या चुणीवर अडकत होत्या. हेडफोन सुलटे घाला नाहीतर उलटे, चुणी आपली डावीकडेच. दादांना दिसत असेलही, पण डोक्यावरचं कापड बाजूला कर असं ते मला जन्मात म्हणणार नाहीत. आणि मला तर ते अंगावर आहे हेच आठवत नव्हतं.

वहिनींच्या हातून हेडफोन ओढूनच घेतले मी. आतल्या खोलीत गेले, कडी लावली, स्कार्फ सोडला आणि भजन लावलं.

पखवाज मधोमध. अगदी कपाळाच्या मागे बसल्यासारखा. धुम्म.

मी तिथेच धान्याच्या पिंपाला टेकून रडले. मग तोंड धुतलं, बाहेर आले आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा सापडेना. दादा आल्यावर त्यांनाही सांगितलं. माल त्याच दुपारी डब्यांत जाऊ लागला. गेनूला काहीच माहीत नव्हतं, तो म्हणाला, आज ताई लई खुशीत हाय.

घरी जाताना बाजारातून आईला आवडतात म्हणून हिरव्या वाटाण्याच्या शेंगा घेतल्या. ती ओट्यावर बसली होती. तिच्या उजव्या अंगाला टेकून बसले आणि तिला ओठ दिसतील अशी वळून, हातवारे करत सगळी कथा सांगितली. हेडफोन, पखवाज, टाचणी, चुणी. मी कशी घाबरले होते तेही सांगितलं, आणि उगाच खेकसले त्याची माफीही मागून टाकली. स्कार्फ काढून तिच्या मांडीवर टाकला. म्हटलं, बघ, हा चोर.

ती हसेल असं वाटलं होतं. तिने स्कार्फ उचलला, चुणी बोटांनी सरळ केली आणि घडी घालून बाजूला ठेवला.

"म्या बी पदराला दोष दिला व्हता," ती म्हणाली. "पदर कानावर येतो म्हनून ऐकू येत न्हाई म्हनायची. लई दिस म्हनत व्हते."

मी म्हटलं, अम्मी, पण मी स्कार्फ काढून ऐकलंय. दोन्हीकडे सारखं आलं.

"कानात कोंबून वाजीवल्यावर येनारच. मलाबी यायचं, तोंड कानापाशी आनून बोलल्यावर." ती माझ्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे बघत होती. "हा फडका तू थंडीत बांधाय लागलीस. म्या पावसाळ्यापासनं बघती. इरशाद तुझ्या डाव्या अंगानं बोलला की तू मान वळवतीस. दूध उतू जातं तवा बघून उठतीस, ऐकून न्हाई. मला ऐकू येत न्हाई, शगू. पर मला दिसतं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं असावं. असावं म्हणते, कारण मी वळले नव्हते. इरशाद आत येऊन माझ्या डाव्या खांद्यापाशी उभे होते आणि विचारत होते, कवापास्नं हाका मारतोय, काय चाललंय मायलेकींचं? आईने त्यांना हाताने थांबवलं, आत जा म्हणून खूण केली.

माझ्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या होत्या. आईने त्या गोळा केल्या, परातीत घातल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, मला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली, आणि शेंगा सोलायला लागली.