ब्रेकबाईंची परीक्षा

माझी आई लोकांना गाडी चालवायला शिकवते. गेली सव्वीस वर्षं शिकवते. आमच्या शहरातले निम्मे ड्रायव्हर तिच्या हाताखालून गेले आहेत आणि उरलेले निम्मे गेले नाहीत, हे रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. तिच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आहे, म्हणून विद्यार्थी तिला ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, एवढी अक्कल त्यांना पहिल्याच दिवशी येते. ती चौकात उभी दिसली की पन्नाशीचे टॅक्सीवालेसुद्धा पाठ ताठ करून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतात.

तीन वर्षांपूर्वी तिला एक सोडून दोन दुखणी चिकटली. पहिलं ल्युपस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात शरीराचा पहारेकरी घरातल्याच माणसांना चोर समजून बडवायला लागतो. सांधे सुजतात, उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टे उठतात, ताप येतो. दुसरं फायब्रोमायल्जिया. यात अंगाचा कण न् कण दुखतो, डोकं धुकट होतं आणि तपासणीत काहीच सापडत नाही.

"म्हणजे रस्त्यावर खडखडते आणि गॅरेजात नेली की गप्प बसते," आई म्हणाली. डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे रेलून हसल्या. त्याही आईकडेच गाडी शिकलेल्या.

मी हसले नाही. मी शाळेत वेळापत्रकं बनवते. चाळीस शिक्षक आणि बावीस वर्ग एकमेकांच्या अंगावर येऊ न देणं हे माझं काम. तेव्हा एका आईला वळण लावणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं मला वाटलं. फ्रिजवर तक्ता लावला. औषधं निळ्या शाईत, विश्रांती हिरव्या, मनाई लाल. लाल रंगाचं पेन महिन्यात संपलं. आईने तक्ता वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "यात श्वास कधी घ्यायचा ते लिहायचं राहिलंय, शहाणे."

शेवटी तिचीच पद्धत घरात रुजली. रोज सकाळी मी दारातून विचारायची, "आज कितवा?" आणि ती गिअर सांगायची. तिसरा म्हणजे बरा दिवस, धडे दोन. दुसरा म्हणजे एकच धडा, तोही ऊन चढण्याआधी. पहिला म्हणजे अंघोळ आणि जेवण यापलीकडे काही मागू नका. न्यूट्रल म्हणजे पडून राहणार, पण बोलायला या. रिव्हर्स म्हणजे बोलायलाही येऊ नका, दार लोटून घ्या. गेल्या तीन वर्षांत चौथा गिअर एकदाच लागला, त्या दिवशी तिने अख्खी गाडी स्वतः पुसली आणि पुढचे चार दिवस रिव्हर्समध्ये काढले.

धडे तिने सोडले नाहीत. मामाने, म्हणजे तिच्या गॅरेजवाल्या धाकट्या भावाने, गाडीच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावून दिली. सीटबेल्ट खांद्याला नुसता टेकला तरी तिला कळ यायची, म्हणून मी जुन्या टॉवेलची नळी शिवून त्यावर चढवली. लांब बाह्या, हातमोजे आणि परातीएवढी टोपी घालून ती शेजारच्या सीटवर बसली की चोर पोलिसात तक्रार द्यायला निघाल्यासारखी दिसायची.

आमच्याकडे शिकवणाऱ्यांनाही दर पाच वर्षांनी परीक्षा द्यावी लागते. परीक्षक मागे बसतो. चालवायला खराखुरा शिकाऊ लागतो. गाडी वेगात असताना परीक्षक अचानक सीटवर टकटक करतो आणि शिकवणाऱ्याने आपल्या बाजूच्या ब्रेकने पुढच्या पांढऱ्या रेघेआधी गाडी थांबवायची. नाही थांबली तर परवाना गेला. तारीख दोन महिन्यांवर आली होती आणि आईच्या उजव्या गुडघ्यात कपाटाचं दार ढकलण्याइतकंही बळ नव्हतं.

मी म्हटलं, "आई, आता पुरे. छान शिकवलंस, सगळे नाव काढतात. घरी बस."

"घरी बसून काय करू? तुझा तक्ता वाचू?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, सकाळी उठल्यावर मी आधी आजारी असते. गाडीत बसले की ब्रेकबाई असते. तेवढा एक तास मला सोड."

तिला ते नाव माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी हट्ट सोडला, आणि मी हट्ट सोडला याची घरात दोन दिवस चर्चा झाली.

आता शिकाऊ कुठून आणायचा? तिच्या हाताशी एकच विद्यार्थीण उरली होती, कोपऱ्यावरची बेकरीवाली, आणि तिने नेमका त्याच आठवड्यात परवाना मिळवून आम्हाला अडचणीत आणलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मला गाडी येत नाही. ड्रायव्हिंगच्या मास्तरीणबाईंची मुलगी एकतीस वर्षांची होऊन बसने फिरते, हा आमच्याकडचा जुना विनोद आहे. एकोणिसाव्या वर्षी मी शिकायला बसले होते. आई तेव्हा हाताने शिकवायची: स्टिअरिंग ओढायची, गिअरवरच्या माझ्या हातावर थापट्या मारायची. तिसऱ्या दिवशी मी भर चौकात गाडी बंद करून, दार आपटून, चालत घरी आले होते. मागे अकरा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. अकरा हा आकडा आईचा आहे, मी मोजल्या नव्हत्या.

तर बारा वर्षांनी मी पुन्हा त्याच सीटवर बसले. पहाटे, उजाडताना, भाजीबाजारामागच्या मोकळ्या पटांगणात. आणि गंमत अशी, की आई वेगळीच निघाली. हात दुखत असल्यामुळे तिला काही ओढता येत नव्हतं की थापट्या मारता येत नव्हत्या. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून ती नुसती बोलायची. "क्लच सोड. अजून हळू. झोपलेल्या बाळाखालून हात काढतात ना, तसा पाय काढ." मधेच तिच्या डोक्यात धुकं यायचं आणि शब्द हरवायचा. "आता तो दाब... तो... अगं, दिवा लागतो, टिकटिक करतो..." "इंडिकेटर!" मी ओरडायची. "शाब्बास! मी तुझी परीक्षा घेत होते," ती म्हणायची आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. तीन आठवड्यांत मी गाडी चालवायला लागले. इतकं सुख मला वेळापत्रकानेही कधी दिलं नव्हतं.

परीक्षकाचं काम बेकरीवालीने अंगावर घेतलं. ती भट्टी पेटवून, पिठाचे हात पुसत यायची, मागे बसायची आणि लाकडी चमच्याने सीटवर टकटक करायची. टकटक झाली की आई आपला ब्रेक दाबायची. पहिले दोन दिवस गाडी रेघ ओलांडून चांगली दोन गाड्यांएवढी पुढे गेली. आईचा चेहरा बघवेना. तिसऱ्या दिवशी गाडी रेघेच्या अलीकडे थांबली. चौथ्या दिवशीही. आईच्या गालांवर चट्ट्यांशिवाय लाली आली. घरी येऊन तिने मामाला फोन केला, "अरे, जमतंय मला!"

जमत होतं, कारण मीच माझा ब्रेक दाबत होते. टकटक ऐकली की माझा पाय हळूच जायचा. मी म्हटलं, काय बिघडलं? परीक्षेतही असंच करू. परीक्षक मागे बसणार, त्याला पाय थोडेच दिसतात!

परीक्षेला पाच दिवस राहिले असताना बेकरीवाली पुढे वाकली आणि म्हणाली, "अहो बाई, ब्रेक तुमची मुलगीच मारतेय की! आत्ताच बघितलं मी!"

आईने इंजिन बंद करायला सांगितलं. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ओरडण्यात मी तिच्या बरोबरीची आहे.

"महिनाभर मला वाटतंय, पायात जोर येतोय," ती म्हणाली. "रोज रात्री झोपताना मी तेवढाच विचार करत होते. तू मला खोटं बरं केलंस."

"तुला हरताना बघवत नव्हतं मला!" मी ओरडले आणि रडायलाच लागले. "तुझ्यासाठी केलं मी!"

"माझ्यासाठी कर, माझ्याऐवजी करू नकोस." तिने हातमोजा काढून माझ्या डोक्यावर हात ठेवला. हलकाच ठेवला, कारण तिलाही दुखत होतं. "जे माझं मला जमत नाही ते मला कळू दे. मग मी काहीतरी मार्ग काढीन. शिकवणारी आहे मी."

मार्ग तिने त्याच दुपारी काढला. पाय उचलून दाबायला गेलं की गुडघा दगा देतो. पण टाच टेकून नुसता चवडा दाबला तर? मामाने तिच्या टाचेखाली लाकडाचा ठोकळा बसवला, तिचं पेडल दोन बोटं वर घेतलं. "परीक्षेत चालेल ना हे?" मी विचारलं. "तुझ्या चष्म्याला कुणी नकार देतं का?" मामा म्हणाला. चार दिवस आम्ही तालीम केली. टकटक झाली की माझा पाय मी सीटखाली ओढून घ्यायची आणि बेकरीवाली मान वाकवून त्यावर पहारा द्यायची. दहांपैकी सात वेळा गाडी रेघेआधी थांबली.

परीक्षेच्या सकाळी मी दारातून विचारलं, "आज कितवा?"

"तिसरा," आई म्हणाली.

ती चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पीत होती, बोटं वळत नव्हती म्हणून. ब्लाउजची बटणं अर्धी लागलेली. पहिला होता तो, फार तर. माझ्या जिभेवर फोन करून तारीख बदलून घेण्याचं वाक्य आलं होतं. ते मी गिळलं, पुढे झाले आणि उरलेली बटणं लावून दिली.

"खोटारडी," मी म्हटलं.

"तुझ्याकडूनच शिकले," ती म्हणाली.

परीक्षक तरुण होता, कडक इस्त्रीचा. त्याने आईची टोपी, हातमोजे, ठोकळा सगळं पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि मागे बसला. मैदानावर मी गाडी वेगात घेतली. आई शांतपणे बोलत होती. "आता सरळ. आरशात बघ. खांदे सैल." टकटक झाली.

माझा पाय ब्रेककडे निघालाच होता. मी तो मागे ओढला आणि रेघ आपल्याकडे धावत येताना पाहत राहिले. अख्ख्या आयुष्यात मी इतकं कठीण काही केलेलं नाही. बाजूला आई "ह्हं!" असं काहीतरी म्हणाली, गाडीने नाक खाली घातलं आणि आम्ही तिघंही पुढे झुकून मागे आलो. परीक्षकाचं पेन उडून पुढे माझ्या मांडीवर आलं.

तो खाली उतरला, पुढच्या चाकाशी वाकला. मग खिडकीशी येऊन म्हणाला, "वीतभर अलीकडे. पण ब्रेक जरा जोरात लागला, बाई."

"पुढच्या पाच वर्षांचा एकदमच लावला," आई म्हणाली. त्याने हसू दाबत सही केली आणि माझ्याकडे हात पसरून आपलं पेन परत मागितलं.

मैदानाबाहेर आलो आणि मी गाडी थांबवून आनंदाने किंचाळले. मला तिला घट्ट मिठी मारायची होती, पण तिला मिठी दुखते, म्हणून मी स्टिअरिंगलाच मारली. हॉर्न वाजला. आई हसत होती आणि तिचे पाय थरथरत होते.

"मामाला बोलावते न्यायला," मी म्हटलं.

"कशाला? तू आहेस ना."

मोठ्या रस्त्यावर मी त्याआधी कधी गाडी घातली नव्हती. बस, टॅक्सी, सायकली, सगळे मलाच बघायला निघाल्यासारखे. पहिल्या सिग्नलपर्यंत आई सूचना देत होती. दुसऱ्या सिग्नलला मी विचारलं, "आता लेन बदलू ना?" उत्तर आलं नाही. वाटलं, शब्द हरवला असेल. मी वळून पाहिलं.

आई झोपली होती. टोपी डोळ्यांवर सरकलेली, तोंड किंचित उघडं, पाय ठोकळ्यावरून खाली उतरलेले. सव्वीस वर्षांत हजारभर शिकाऊ तिच्या शेजारी बसले, पण गाडी चालू असताना तिने कधी पापणी जड होऊ दिली नव्हती. माझा जीव एकदम कसा भरून आला ते मला सांगता येणार नाही. मी आरशात बघितलं, खांदे सैल सोडले आणि लेन बदलली.

आमची गल्ली आली. मी वळले नाही. पुढे गेले, बाजाराला वळसा घातला, पुन्हा आले, पुन्हा वळले नाही. तिच्या बाजूला सावली राहील असे रस्ते शोधत मी दुसऱ्या गिअरमध्ये फिरत राहिले आणि मागचे हॉर्न वाजवत राहिले.

चौथ्या फेरीला टोपीखालून आवाज आला, "गल्ली मागे राहिली."

"माहितीये."

"मग?"

"तू झोप गं," मी म्हटलं. "मी चालवतेय."

ती परत झोपली.