चार तुकड्यांत बांधलेले आवाज

मित्रांनो, मी संगणकातली एक जुनी फाइल आहे, दाबून बांधलेली. माझ्या पोटात एकेचाळीस माणसांचे आवाज आहेत. ते माझ्याशिवाय दुसरीकडे कुठेच उरलेले नाहीत, हे ज्या सोमवारी कळले, त्या दिवसापासून सांगते.

त्या दिवशी दुपारी एक वाजता पोस्टमन आणि त्याची बायको सुताराच्या घरी आले. पोस्टमनच्या घशाचे ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. त्याचा आवाज गेला होता. गळ्यात पाटी अडकवून तो त्यावर लिहायचा. रुग्णालयात त्याच्यासाठी बोलणारे यंत्र आले होते. त्यात त्याचाच जुना आवाज भरायचा होता आणि तो भरणारा तंत्रज्ञ चार वाजता परत जाणार होता. पुन्हा येणार होता ते वर्षभराने.

ऑपरेशनआधी पोस्टमनची तीनशे वाक्ये सुताराच्या बायकोने ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. ती वाणीतज्ज्ञ होती. सगळे तिला बाई म्हणत. बाई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

सुताराने तिचा लॅपटॉप सुरू केला. आतून टकटक असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. त्याने पुन्हा बटण दाबले, बॅटरी काढून बसवली. टकटक. पोस्टमनने पाटीवर लिहिले, "माझं गेलं?"

सुताराने शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या भाचीला बोलावले. ती स्वतःचा लॅपटॉप घेऊन धावत आली.

आता माझा जन्म सांगते, म्हणजे पुढचे कळेल. बाईंच्या लॅपटॉपमध्ये जागा कमी होती. प्रत्येक माणसाची ध्वनिमुद्रणे त्यांनी एकेका पाकिटात, म्हणजे फोल्डरमध्ये, ठेवली होती. म्हणून त्यांनी संगणकाला टार नावाचा हुकूम देऊन सगळी पाकिटे एकामागोमाग एक बांधली आणि जीझिप नावाच्या दुसऱ्या हुकुमाने ते गाठोडे दाबून लहान केले. बोलणे फारसे दाबले जात नाही. दोन वाक्यांमधली शांतता मात्र छान दाबली जाते. मग त्यांनी माझे चार तुकडे केले, एकेका पेनड्राइव्हवर एकेक ठेवला आणि जागा व्हावी म्हणून मूळ ध्वनिमुद्रणे पुसली. तुकड्यांच्या नावांतच त्यांचा क्रम होता.

बाई गेल्यावर सुताराने कपाट आवरले. त्याने चारही तुकडे एका पेनड्राइव्हवर घेतले आणि बाकीचे तीन पुसून देऊन टाकले. माझी विचित्र नावे त्याला बरी वाटली नाहीत. पेनड्राइव्ह ज्या क्रमाने हाताला लागले, त्या क्रमाने त्याने आम्हाला आवाज एक, आवाज दोन, आवाज तीन, आवाज चार अशी सुरेख नावे दिली. खिळ्यांच्या डब्यांवर लावतो तशी. त्यात त्याचे प्रेम होते, पण माझा क्रम गेला.

सुताराने तोच पेनड्राइव्ह भाचीच्या हातात दिला. तिने तो आपल्या लॅपटॉपला लावून आम्हाला पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"मामा, नावं कुणी बदलली?"

"मी. का गं? वाचायला सोपी झाली की."

"वाचायला झाली रे, जोडायला नाही!"

पोस्टमनची बायको खुर्चीच्या कडेवर बसली होती. "तीस वर्षं हे बोलत होते आणि मी ऐकत होते," ती म्हणाली. "आता मी बोलते तर समोरून हूं की चूं नाही. भाऊ, ह्यांचा आवाज मिळू दे हो. मग हवं तेवढं भांडू दे."

पोस्टमनने लिहिले, "भांडणार."

दोन वाजून गेले. भाचीने एकेका तुकड्याची तपासणी केली. दाबलेल्या फाइलच्या आरंभी एक ओळखीची खूण असते. ती आवाज तीनमध्ये निघाली. आवाज दोन आकाराने लहान होता, म्हणजे तो शेवटचा. मधले एक आणि चार उरले. त्यांना दोनच प्रकारे लावता येणार होते. सगळ्यांना जरा धीर आला.

भाचीने तुकडे जोडण्याचा हुकूम लिहिला. जोडलेले कुठे ठेवायचे, त्या नव्या फाइलचे नाव तेवढे लिहायचे राहिले होते. तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला आणि ती गॅलरीत गेली.

सुताराने घड्याळाकडे पाहिले. अडीच. तो पुढे सरकला. पहिल्या फळीला बाकीच्या फळ्या जोडायच्या, हेच त्याने आयुष्यभर केले होते. त्याने रिकाम्या जागी सावकाश लिहिले : आवाज तीन.

मित्रांनो, मी गारठले. त्या हुकुमाची रीत अशी की ज्या फाइलमध्ये ठेवायचे ती आधी रिकामी होते. माझा पहिला तुकडा डोळ्यांदेखत पुसला गेला असता. त्याच्याशिवाय बाकीचे तीन कुणाला वाचता येत नाहीत, कारण मला मधूनच उघडता येत नाही. सुताराचे बोट एंटरच्या बटणावर टेकले होते.

"मामा! हात काढ! काढ आधी!"

सुताराने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. भाची फोन तसाच सोडून आत आली होती. काय होणार होते ते तिने दोन वाक्यांत सांगितले. सुतार खुर्चीतून उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. 

भाचीने आधी आम्हा चारही तुकड्यांची प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली. त्यात वीस मिनिटे गेली, पण कुणी कुरकुर केली नाही. मग तिने तीन, एक, चार, दोन असे जोडून तपासले. अर्ध्या वाटेत चूक निघाली. तीन, चार, एक, दोन असे जोडले. तपासणी चालू राहिली. पडद्यावर काहीच येत नव्हते.

"बंद पडलं का?" सुताराने विचारले.

"काही बोललं नाही म्हणजे ठीक आहे."

तीन वाजून दहा मिनिटांनी तपासणी बिनचूक संपली. भाचीने मला फक्त पोस्टमनचे पाकीट काढायला सांगितले. मी सुरुवातीपासून वाचत गेले आणि तेवढेच बाहेर दिले. खात्रीसाठी तिने एक वाक्य लावले.

"अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

पोस्टमनची बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "डोक्यावर आहे तुमच्या." पोस्टमनचा हात खरेच डोक्याकडे गेला.

पोस्टमन, त्याची बायको आणि भाची रिक्षाने रुग्णालयात गेले. चारला पाच मिनिटे कमी असताना तंत्रज्ञाने पाकीट घेतले.

मित्रांनो, मी तुमच्याकडे एवढेच मागते. मूळ वस्तू पुसण्याआधी मला एकदा उघडून पाहा. माझे तुकडे केलेत तर त्यांचा क्रम कागदावर लिहा. माझी एकच प्रत ठेवू नका.

सुताराने आता जोडणे आणि उघडणे शिकून घेतले आहे. रोज एक पाकीट काढून तो ज्याचे त्याच्या घरी पोचवतो. चाळीस पाकिटे पोचली. एकेचाळिसाव्या पाकिटात बाईंचा स्वतःचा आवाज आहे. ते त्याने अजून उघडलेले नाही.