आधी बाहेर पडून दाखवा

कुमुदताई देवस्थळींनी आयुष्यात सहा सरकारी क्वार्टर्स बदलली आणि एकाही भिंतीत परवानगीशिवाय खिळा ठोकला नाही. हे त्या अभिमानाने सांगत, आणि ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी पूर्ण सांगत. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं शेवटचं घर सोडल्याची पोचपावतीसुद्धा त्यांनी जपून ठेवली होती. तीस वर्षं खरेदी विभागात निविदांच्या अटी लिहिलेल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

निवृत्तीनंतर त्यांनी ‘सोबत’ सुरू केली. महाराष्ट्रातून उपचारासाठी दिल्लीला येणाऱ्या माणसांबरोबर रुग्णालयात जायचं, त्यांच्या वतीने हिंदीत बोलायचं, रांगेत उभं राहायचं, एवढंच काम. सहा वर्षांत दोनेकशे स्वयंसेवक जोडले गेले. सगळा कारभार एका परदेशी कंपनीच्या ग्रुप चॅटवर चाले. कुठे कार्ड काढतात, कुठल्या मजल्यावर प्यायचं पाणी आहे, कुठली सिस्टर नागपूरची आहे, हे सगळं तिथल्या निरोपांत साठलेलं.

आता त्या कंपनीने कळवलं होतं की एक तारखेपासून फुकट वापरणाऱ्यांना मागच्या तीनच महिन्यांचे निरोप दिसतील. बाकीचे कुलपात. त्यात कुमुदताई महिनाअखेरीस दिल्ली सोडून कायमच्या पुण्याला लेकीकडे निघाल्या होत्या. आपली पाठ फिरली की ‘सोबत’ पांगेल, ही भीती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण ती रोज सकाळी चहाबरोबर हजर असे. जे काही करायचं ते या तीन आठवड्यांतच.

म्हणून रविवारी दिल्लीतच, विमानतळाजवळ द्वारकेला उल्काच्या घरी बैठक बसली. उल्का एका मंत्रालयात आकडेवारीचं काम करायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. अनिश मूळचा पुण्याचा, गुरुग्रामला एका आयटी कंपनीत; तो विचारायची वाट बघत नसे. तिसरे श्रीरंगकाका, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा प्रत्येक बदलाला विरोध असे आणि तो ते लेखी देत.

अनिशने लॅपटॉप उघडला. “काकू, हे बघा. आम्ही ऑफिसमध्ये सगळे हेच वापरतो. कॉल, रिमाइंडर, फाइल्स, सब कुछ. फुकटचा प्लॅन पण मस्त आहे. बिल्कुल टेन्शन नाही.”

खरंच देखणं होतं ते. बटणं तर अशी चकचकीत की उगाच दाबावीशी वाटावीत.

“आणि तुझं?” कुमुदताईंनी उल्काला विचारलं.

“माझं ओपन सोर्स आहे,” उल्का म्हणाली. “त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, वापरता येतो. आपण आपल्या सर्व्हरवर चालवायचं. दिसायला साधं आहे.”

साधं म्हणजे सरकारी अर्जाइतकं साधं. अनिशला हसू आवरेना.

“आहे त्यात काय वाईट आहे?” श्रीरंगकाकांनी विचारलं आणि स्वतःच्या वहीत तसं लिहूनही घेतलं.

छतावरून विमान गेलं. ते जाईपर्यंत सगळे सवयीने गप्प राहिले. मग कुमुदताईंनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली.

“आत कसं यायचं ते दोघांनीही छान दाखवलंत. आता बाहेर पडून दाखवा.”

“म्हणजे?”

“वीस निरोप टाका. पाच फोटो, दोन रेकॉर्ड केलेले आवाज. आणि अर्ध्या तासात ते सगळं नावातारखेसकट माझ्या हातात द्या. उद्या हे घर सोडायची वेळ आली तर सामान आपल्याबरोबर येतं का, ते मला आज बघायचंय.”

“काकू, अजून लग्न ठरलं नाही आणि तुम्ही घटस्फोटाचे कागद मागताय,” अनिश म्हणाला.

“लग्नाचं मला माहीत नाही. क्वार्टर घेताना मी सोडायची अट पहिली वाचते.”

दोघं कामाला लागले. उल्काचं बारा मिनिटांत झालं. कुमुदताईंनी चष्मा लावून वीस निरोप मोजले, पाचही फोटो उघडले, दोन्ही आवाज ऐकले. अनिश मात्र एका पानावरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर असा फिरत राहिला. शेवटी पडद्यावर एक अर्ज आला: या सुविधेसाठी आमच्या विक्री प्रतिनिधीशी संपर्क साधा. अनिशचे कान लाल झाले. बिचाऱ्याने सगळं बाहेर काढायचं बटण आजवर कधी शोधलंच नव्हतं, कारण ऑफिस सोडताना कुणी आपले निरोप बरोबर नेत नाही.

पण हार मानेल तर तो अनिश कसला. “अच्छा, ठीक आहे. सामान निघालं. पण बिघडलं तर कोण बघणार? कंपनी असली की जबाबदारी कंपनीची असते.”

मुद्दा बरोबर होता आणि कुमुदताईंना बरोबर मुद्दे आवडत. “गेल्या वर्षी चॅट दोन दिवस बंद पडलं होतं. कंपनीने तुला काय उत्तर दिलं?”

अनिशने मान हलवली. “काहीच नाही. मी आणि उल्काने सगळ्यांना फोन करून ड्यूट्या लावल्या.”

“मग तेव्हाही तुम्हीच बघत होतात. फक्त आत जाऊन दुरुस्त करायची सोय तुमच्याकडे नव्हती.”

अनिशने लॅपटॉप परत पुढ्यात ओढला. “सर्व्हर मी बसवतो,” तो म्हणाला. “उल्का, तू चुका काढ.”

कुमुदताईंनी तिथल्या तिथे टिप्पणी लिहिली. ॲडमिन उल्का, अनिश आणि श्रीरंगकाका हे तिघं असतील, आणि दिल्ली सोडेपर्यंत चौथ्या त्या स्वतः. एकट्याला माहीत आहे असं काही असणार नाही. दर शनिवारी सगळ्याची प्रत निघेल. ती प्रत सांभाळायचं काम त्यांनी श्रीरंगकाकांना दिलं. काकांनी आपला लेखी विरोध टिप्पणीला जोडला आणि प्रतीसाठी कोणत्या आकाराचं रजिस्टर घ्यावं ते विचारलं.

जुन्या घरातून सामान काढणं मात्र सोपं गेलं नाही. मजकूर निघाला, फोटो निघेनात. तिघांनी मिळून तीन दिवस एकेक फोटो हाताने उतरवला. अठ्ठावीस तारखेला सगळे नव्या जागी आले. पहिले दोन दिवस तक्रारींचा पाऊस पडला, तिसऱ्या दिवशी लोक तक्रारी विसरून ड्यूट्या मागू लागले.

निघायच्या आदल्या दुपारी कुमुदताई पुन्हा उल्काकडे आल्या. “आता एक काम राहिलं. ॲडमिनमधून मला काढा.”

उल्काने अनिशकडे पाहिलं. अनिश म्हणाला, “काकू, नाव राहू दे ना. सन्मान म्हणून.”

“सन्मान करायचा तर शाल द्या. मी असताना काढलंत तर काही अडलं तर कळेल. गेल्यावर कळून काय उपयोग?”

उल्काने बटण दाबलं. कुमुदताईंच्या नावापुढचा ॲडमिन हा शब्द गेला आणि साधा सदस्य हा शब्द आला. त्यांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. “जरा पाणी दे गं,” त्या म्हणाल्या, आणि पाणी पिऊन झाल्यावर सगळं नीट चालतंय ना, ते तपासायला बसल्या.

पुण्यात चौथ्या सकाळी त्यांनी फोन उघडला. वाशीमहून एक बाई नवऱ्याला घेऊन दिल्लीत पोचल्या होत्या. कार्ड कुठे काढायचं, असं कुणीतरी विचारलं होतं, आणि उल्काने कुमुदताईंचीच चार वर्षांपूर्वीची नोंद शोधून दिली होती: दोन नंबरच्या गेटने आत, डावीकडची खिडकी. कुमुदताई सुखावल्या. मग त्याखालचा निरोप वाचला. नचिकेत नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘ही नोंद जुनी आहे. ती खिडकी आता मागच्या इमारतीत. काल स्वतः जाऊन आलो. नोंद दुरुस्त केली आहे. आजची सोबत मी करतो.’

कोण हा नचिकेत? त्यांनी याला कधी पाहिलं नव्हतं, याचं नाव ऐकलं नव्हतं, याला घेताना त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्यांनी रागाने दोन ओळी लिहिल्या. मग त्याचा निरोप पुन्हा वाचला, आणखी एकदा वाचला, आणि लिहिलेलं पुसून टाकलं.

“काय गं, काय झालं?” लेकीने विचारलं.

“एका मुलाने माझी चूक काढली,” कुमुदताई म्हणाल्या, आणि हे सांगताना आईच्या डोळ्यांत पाणी असताना ती का हसतेय, ते लेकीला काही कळेना.