दोनदा पुकारा, मग गैरहजर

मामा कानाच्या दवाखान्यात तीनदा गेला आणि तिन्ही वेळा गैरहजर ठरला.

घरी हे कुणाला ठाऊकच नव्हतं. पहिल्यांदा परतला तेव्हा म्हणाला, आज नंबर लागला नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, गर्दी फार होती. तिसऱ्यांदा नुसते हातपाय धुतले आणि पेपर उघडून बसला. मधे सहा-सहा महिने गेलेले. मग एके दिवशी टपालानं छापील पत्र आलं: आपण लागोपाठ तीन वेळा गैरहजर राहिल्याने आपली फाईल बंद करण्यात येत आहे. ते पत्र नेमकं भाचीच्या हाती पडलं.

या भाचीला मामानंच वाढवलेलं. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर उभं राहून त्यानं तिचं शिक्षण केलं, आणि त्या चाळीस वर्षांनी त्याचे कान नेले. लहानपणी ती इतके प्रश्न विचारायची की मामानं तिचं नाव चौकशी ठेवलं, ते कायमचं चिकटलं. आता ती चौतीस वर्षांची होती आणि एका कंपनीत फोनच्या पडद्यांची रचना करायची. माणूस बोट कुठे ठेवील, कुठे अडखळेल, कुठे वैतागून नाद सोडेल, हे आधी ओळखायचं आणि वाट सोपी करायची, असं ते काम. मामा आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचा, "आमची चौकशी बटणं काढते."

पत्र घेऊन ती त्याच्या उजव्या कानाशी गेली. डावा जवळजवळ गेलाच होता.

"मामा, तू गेला नव्हतास?"

"गेलो होतो की. साडेसातपासून बसलेलो. तिन्ही वेळा."

"मग विचारलं का नाहीस कुणाला?"

मामानं पेपरची घडी घातली. "किती वेळा विचारायचं? लोक असे बघतात, जसं काही आपणच कुणाचं घोडं मारलंय."

दुसऱ्या दिवशी कंपनीत सुट्टी टाकून ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली. तिथे 'चौकशी' अशी पाटी असलेली खिडकी बंद होती. मामानं त्या पाटीकडे बोट दाखवून हिच्याकडे बघितलं आणि दोघंही हसली. हसू तेवढंच.

कानाच्या विभागाची खोली लांबट होती. चार-चार खुर्च्या एकत्र जोडलेल्या अशा पंधरा रांगा, आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. त्या भिंतीवर कधीकाळी टीव्ही होता. आता नुसता लोखंडी सांगाडा उरला होता. तपासणीचं दार सगळ्यांच्या पाठीमागे. दर पाच मिनिटांनी ते अर्धवट उघडायचं, तोंडाला मास्क बांधलेला एक म्हातारा शिपाई हातातल्या वहीत बघत नाव पुकारायचा, पुन्हा एकदा पुकारायचा, आणि दार लावून घ्यायचा. वर पाच पंखे घरघरत होते. त्या शिपायाचं खरं नाव काय ते कुणाला आठवत नव्हतं, सगळे त्याला पुकारेच म्हणत.

चौकशी दाराशी उभी राहिली. तिला स्वतःला, दोन्ही कान शाबूत असताना, तीन नावांतलं एक नीट कळलं नाही. आणि हा कानाचा विभाग. समोर बसलेल्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून तर ते समोर बसले होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नोंदणीच्या बाईंना तिनं सरळच विचारलं, की ज्यांना ऐकू येत नाही त्यांना नाव पुकारून कसं बोलावता? बाईंनी मान वर न करता सांगितलं, "नियम आहे. दोनदा पुकारायचं, नाही आले तर गैरहजर. आणि ऐकू येत नाही म्हणूनच तर येतात ना इथे सगळे?"

बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता, चेष्टा नव्हती. त्या साधी माहिती देत होत्या. चौकशीला तेच जास्त लागलं. तिनं दात ओठ खाऊन मामाची फाईल नव्यानं उघडून घेतली. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

मामा म्हणाला, झालं काम, चल घरी. पण ती ऐकायला तयार नव्हती. तिनं आठ दिवसांची रजा टाकली आणि रोज सकाळी वही-पेन घेऊन त्या खोलीत येऊन बसू लागली. कंपनीत हेच तर करायची ती: नवा पडदा काढण्याआधी माणसं जुन्याशी कशी झटतात ते गुपचूप बघत बसायचं.

दिवसाला साठ माणसं बोलावलेली असत. त्यातली सरासरी अकरा खोलीत बसून गैरहजर होत, आणि त्यांतले काहीजण, आज तरी घेतील म्हणून, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसत. एक बाई पाठीमागच्या दारावर नजर राहावी म्हणून खुर्चीत उलटी, गुडघ्यांवर बसायची. पाच तास लघवीलासुद्धा उठायची नाही. एक आजोबा शेजारच्याला सांगून ठेवायचे, माझं नाव आलं तर हलवा. शेजारच्याला ते काय म्हणाले तेच कळायचं नाही, तो नुसती मान डोलवायचा. एक निवृत्त मास्तर दार उघडलं की दर वेळी उठून विचारायचे, "मी का?" आणि दर वेळी बोलणी खाऊन परत बसायचे. आयुष्यभर वर्गात पोरांची हजेरी घेतलेला माणूस.

पुकारेचा तिला पहिले दोन दिवस भयंकर राग आला. वहीत गैरहजर असा शेरा तोच मारायचा. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला तिनं त्याला गाठलं आणि चांगलं सुनवायचं म्हणून तोंड उघडलं. त्यानं ऐकून घेतलं. मग मास्क खाली केला. घसा पार बसलेला होता, शब्द फुटायला वेळ लागत होता. तो म्हणाला, आधी तो रांगांमधून फिरून एकेकाच्या खांद्याला हात लावून बोलवायचा. दार सोडून गेल्याबद्दल त्याला लेखी समज मिळाली. दोनदा मिळाली. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

"मला काय दिसत नाही होय?" तो म्हणाला. "समोर बसलेत, आणि मी लिहितोय, नाहीत म्हणून."

चौकशीची सगळी तयारी वाया गेली. तिनं वही मिटली आणि त्याला विचारलं, खुर्च्या फिरवता येतील का?

पुढच्या सोमवारी ती आणि पुकारे, दोघंही सातलाच आली. औषधांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तिनं घरी हातभर उंचीचे आकडे रंगवून आणले होते, एक ते साठ. नोंदणीच्या कागदावर तोच आकडा मोठ्या अक्षरात. दाराच्या वर खिळा. खुर्च्यांच्या रांगा ढकलून दाराकडे तोंड करून लावल्या. पुकारेनं पुकारायचं, पण त्याआधी पुठ्ठा टांगायचा, आणि तो आकडा हातात धरलेलं माणूस आत येईपर्यंत काढायचा नाही. पहिल्या तासात घोटाळा झाला. पंख्याच्या वाऱ्यानं पुठ्ठा फिरला, कोरी बाजू पुढे आली आणि सात नंबरची बाई बसूनच राहिली. चौकशीनं लगेच पाठीमागेही आकडे काढले. त्यानंतर सगळं सुरळीत. दुपारी पुकारेनं वही तिच्यापुढे धरली. साठच्या साठ हजर. उलटी बसणारी बाई त्या दिवशी सरळ बसली होती, आणि मधे दोनदा बाहेर जाऊन आली होती.

तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी पुठ्ठे गायब होते, खुर्च्या पुन्हा भिंतीकडे वळल्या होत्या, आणि मोठ्या डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावलं होतं.

मोठे डॉक्टर म्हणजे विभागाचे प्रमुख. माणूस उर्मट नव्हता. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, परवानगी कुणाची घेतली होती? बाहेरच्या व्यक्तीनं असं परस्पर काही करणं बरं नाही. शिवाय नवी व्यवस्था येतेच आहे. तारखेच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या फोनवर आवाजी सूचना जाणार.

"आवाजी?" चौकशी म्हणाली. आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली असं तिला वाटलं. "ज्यांना ऐकू येत नाही त्यांना?"

"घरातलं कुणी ना कुणी ऐकेलच की."

ती काही बोलणार तेवढ्यात तिची नजर त्यांच्या मागच्या भिंतीवर गेली. चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र होतं: दीड वर्षात प्रतीक्षा यादी निम्म्यावर आणल्याबद्दल. नऊशेवरून साडेचारशे. तिला लख्ख समजलं. फाईल बंद झाली की माणूस यादीतून जातो. जितके जास्त गैरहजर, तितकी यादी लहान, तितकं कौतुक मोठं.

तिनं विचारलं, यातले तपासून कमी झालेले किती, आणि फाईल बंद करून कमी झालेले किती?

"तसं वेगळं काढलेलं नाही," डॉक्टर म्हणाले आणि चहाच्या कपाशी चाळा करू लागले.

"माझ्या कामात एखादं बटण लोकांना सापडलं नाही," चौकशी म्हणाली, "तर लोक गैरहजर होते असं आम्ही लिहीत नाही, डॉक्टर. ते बटण काढणाऱ्याला धरतो."

डॉक्टर म्हणाले, तुमची भावना समजते. तिनं चहाला हात लावला नाही. बाहेर पुकारेच्या हातात तिसरी लेखी समज होती. तो तिच्याकडे बघून नुसता मान हलवत होता. तक्रार नव्हती, पण ती मान तिला बघवेना.

घरी येऊन तिनं सगळं मामाला लिहून दाखवलं. चार पानं झाली. मामानं सावकाश वाचलं. ते मास्तर दर वेळी उठतात ते पान त्यानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "एकटा उठतो म्हणून ओरडा खातो. सगळेच उठलो तर?"

मामाच्या तारखेला दोघंही सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. जो येईल त्याच्या हातात चौकशी एक कागद ठेवत होती: दार उघडलं की सगळ्यांनी उठून दाराशी जायचं आणि आपला नोंदणीचा कागद दाखवायचा. भांडायचं नाही. मास्तरांनी वाचलं आणि शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

दार उघडलं. पुकारेनं नाव पुकारलं, मास्तर उठले, आणि त्यांना बघून साठच्या साठ माणसं उठून पुकारेपुढे उभी राहिली. तो थबकला. मग वहीच्या आडून त्यानं मास्कच्या आतल्या आत काय केलं कोण जाणे, पण त्याचे डोळे बारीक झाले. आत एकजण गेला, बाकीचे बसले. पुन्हा दार, पुन्हा एकोणसाठ, मग अठ्ठावन्न माणसं उभी. दहापर्यंत जेमतेम तिघे तपासून झाले. मग मोठे डॉक्टर स्वतः आले.

ते बोलू लागले. कुणाला काही कळलं नाही. ते मोठ्यानं बोलू लागले. पुढच्या रांगेतल्यांनी कानाकडे बोट दाखवलं, ते बघून मागच्यांनी दाखवलं. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. आणि मग मामा, ज्याला स्वतःचा आवाज किती मोठा आहे याचा अंदाज नव्हता, असा बोलला की बाहेरच्या जिन्यावरची माणसं थांबली.

"साहेब, ऐकू येत नाही. लिहून दाखवा."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. कागद मागितला, तो मिळाला. पण लिहायचं काय? 'कृपया बसून घ्या' एवढं लिहून त्यांनी तो पुढच्या माणसाला दिला. त्यानं वाचून शेजारच्याला दिला. कागद सावकाश हातोहात पुढे जात राहिला, प्रत्येकानं नीट वाचला, आणि कुणीही बसलं नाही. तेवढ्यात नोंदणीच्या बाई खिडकीमागून उठल्या, कपाटाच्या तळातून पुठ्ठ्यांचा गठ्ठा काढून त्यांनी पुकारेच्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसल्या. डॉक्टरांनी नको म्हटलं नाही.

मामाचा नंबर सव्वाबाराला आला. अठ्ठावीस.

पुठ्ठे राहिले, खुर्च्या वळल्या. बंद केलेल्या फायली मात्र आपोआप उघडणार नव्हत्या. प्रत्येकानं अर्ज करायचा आणि 'गैरहजेरीचे कारण' हा रकाना भरायचाच. ते ऐकून चौकशीचं डोकं पुन्हा फिरलं. म्हणजे चूक दवाखान्याची, आणि कारण द्यायचं रुग्णांनी! ती आणि मास्तर आठवडाभर रोज अर्ज भरायला बसत होते, आणि त्या रकान्यात मास्तर आपल्या वळणदार अक्षरात एकच वाक्य लिहीत होते: मी हजर होतो. शंभरेक अर्ज झाले. उरलेल्यांपर्यंत पोचायची वाट त्यांच्याकडे नव्हती, आणि दवाखाना स्वतःहून कुणाला कळवणार नव्हता.

त्याच आठवड्याच्या शेवटी मामाचा अहवाल मिळाला. तपासणाऱ्या तरुण बाईंनी आलेख समोर ठेवून चौकशीला समजावलं. उजव्या कानाला यंत्र लागेल, बराच फरक पडेल. डाव्याला आता उपयोग नाही. पहिल्या तारखेला, दीड वर्षापूर्वी तपासणी झाली असती, तर तोही बराचसा राखता आला असता. बाईंनी हे खालच्या आवाजात सांगितलं.

"काय म्हणतायत?" मामानं विचारलं.

चौकशीला क्षणभर वाटलं, उजव्याचं तेवढं सांगावं. मग तिनं वही घेतली आणि सगळं लिहिलं, तारखेसकट. मामानं वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. तिला वाटलं होतं की तो म्हणेल, जाऊ दे, चल घरी. तो नेहमी तेच म्हणायचा.

तो उठला आणि नोंदणीच्या खिडकीशी गेला. बाईंनी विचारलं, आता काय हवंय?

"माझ्या तीन तारखांची पानं," मामा म्हणाला. "आणि फाईल बंद करायच्या कागदावर सही कुणाची आहे, ते नाव. लिहून द्या."

बाईंनी त्याच्याकडे, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या चौकशीकडे बघितलं. मग खुर्ची मागे सारून त्या जुनी वही शोधायला उठल्या.