कोऱ्या खांबाजवळची पेटी

मी बोलतेय, पण मी रेडिओ नव्हे. रेडिओ माझ्या पोटात बसतो. बातम्या तो सांगतो, गाणी तो म्हणतो. मी त्याची लाकडी पेटी. आयुष्यभर दुसऱ्याचा आवाज सांभाळला. आता मला स्वतःला काहीतरी सांगायचं आहे, तर माझ्याकडे आवाज नाही.

माझा जन्म कारखान्यातला. बाहेरून चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, आत साधं, मऊ, फिकट लाकूड. बाहेरच्या अंगावर पॉलिशचे हातावर हात दिले, आतलं अंग कोरंच ठेवलं. आत कोण बघायला जातंय, असा तिथला विचार. माणसंही पाहुणे यायचे म्हटलं की बैठकीची खोलीच आवरतात, त्यामुळे मी ते मनाला लावून घेतलं नाही.

मला घरी आणलं ताईच्या वडिलांनी. ताई तेव्हा रांगत होती. बातम्या लागल्या की वडील ओठांवर बोट ठेवायचे आणि मग घरात चमचा वाजवायचीही चोरी. स्टेशन सरकलं की ते माझ्या डोक्यावर थापट मारायचे. बिघाड त्याच्या पोटात आणि मार मला. तरी त्या थापटेची मला सवय झाली होती. पुढे टीव्ही आला, ती थांबली. माझ्यावर फुलदाणी आली, मग इस्त्रीला जायचे कपडे. वडील गेले तेव्हा मला मागच्या शेडमध्ये नेऊन जळाऊ लाकडांच्या ढिगाला टेकवून ठेवलं.

ते तिथेच आले. वाळवी नव्हे. वाळवी मातीची वाट बांधत येते, ती दिसते तरी. हे किडे तिळाएवढे. पॉलिशवर ते बसत नाहीत, कोरं लाकूड हुडकतात. माझ्या मागच्या बाजूने आत शिरून त्यांनी कोऱ्या अंगात अंडी घातली. अळ्या निघाल्या आणि खात सुटल्या. जी मोठी झाली ती टाचणीएवढं भोक पाडून बाहेर पडली. जाताना पिठासारखा भुगा मागे ठेवून गेली.

बऱ्याच वर्षांनी ताईला वडिलांची आठवण म्हणून मी आठवले. आतला रेडिओ तिने मेकॅनिककडे दिला आणि मला पॉलिशवाल्या काकांकडे आणलं. काकांचं दुकान आधी बाजारात होतं. गुडघे बोलायला लागले तसं त्यांनी ते घराच्या पुढच्या खोलीत हलवलं होतं. आत काकूंचं स्वयंपाकघर, बाहेर स्पिरिटच्या बाटल्या.

"ठेवणार कुठे हिला?" काकांनी विचारलं.

"आमची एकच खोली हो काका. छोटीला झोपायला ह्यांनी वर माळा केलाय. तो ज्या खांबावर उभा आहे त्यालाच फळी ठोकलीय. तिथे बसेल बरोबर."

"खांबाला पॉलिश केलंय?"

"कसलं काय. वर्ष झालं, सुट्टी मिळाली की करतो म्हणतात."

काकांनी मला उलटं केलं. पाठीवरच्या भोकांवर त्यांचा अंगठा थांबला.

"कोरा खांब, त्याला लागून ही, आणि वर पोरगी झोपणार," ते म्हणाले. "कीड जिवंत असली तर मी ही देणार नाही, ताई. हिच्यातनं निघून ती खांबात जाईल आणि बाहेरून कळायचंही नाही. माळा खाली येईल तेव्हा कळेल."

"मग औषध मारा ना."

"मारतो की. पण वास महिनाभर राहतो."

"छोटीची छाती भरते हो वासाने. गरज असली तरच मारा."

"आधी बघू तर. माझं कापड खोटं बोलत नाही."

ते कापड म्हणजे जुन्या छत्रीचा काळा तुकडा. काका प्रत्येक जुनी वस्तू त्याच्यावर ठेवून द्यायचे. रोज सकाळी वस्तू उचलायची आणि कापड बघायचं. पांढरा भुगा दिसला तर कीड जिवंत. आठवडाभर काही दिसलं नाही तर मेलेली. दुकानात त्यांचा हा उपाय कधी चुकला नव्हता.

पण दुकानात काकू नव्हत्या.

काकू काकांच्या आधी उठायच्या. पुढच्या खोलीतली धूळ त्यांना डोळ्यासमोर नको असायची. मला अलगद बाजूला करायच्या, कापड दारात नेऊन झटकायच्या, सुरकुती काढून पुन्हा अंथरायच्या आणि मला जशीच्या तशी वर ठेवायच्या. माझ्या पोटातला रात्रभराचा भुगा वाऱ्यावर जायचा. मग काका चहाचा कप घेऊन यायचे आणि कापड बघायचे.

"काय स्वच्छ आहे बघ कापड," आठवड्याच्या शेवटी काका खूश होऊन म्हणाले.

"आज दिसलं होय तुम्हाला?" काकू आतून म्हणाल्या. "रोज कंबर मोडते माझी."

काका हसले. बायकोची कंबर रोजच मोडायची, त्यात त्यांना नवं काही वाटलं नाही. काकूंनाही त्यांनी कापड कशासाठी ते कधी सांगितलं नव्हतं. दोन्ही माणसं चांगली. दोघांनीही आपापलं काम चोख केलं. मी मधे पडून होते.

मग माझं रूप पालटायला लागलं. काकांनी जुनं पॉलिश पात्याने खरवडलं, सुटलेला पापुद्रा सरस लावून दाबला. भोकांत रंग मिसळलेलं मेण भरलं. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेत भिजवलेली कापडाची पुरचुंडी गोल गोल फिरवत हात दिले, एक वाळला की दुसरा. खिडकी माझ्यात दिसायला लागली. काकू एकदा पदराने हात पुसत आल्या आणि माझ्यात बघून केस नीट करून गेल्या. इतकी सुंदर मी कारखान्यातून निघतानाही नव्हते. आत मात्र कुरतडणं चालू होतं. मेणाने त्यांची जुनी दारं बंद झाली होती, एवढंच.

काकूंना भावाकडे जायचं झालं त्या दिवशी मला आशा वाटली. पण ओल्या पॉलिशला धागे चिकटतात म्हणून काकांनी कापड आदल्याच दिवशी घडी करून ठेवलं होतं.

ताई न्यायला आली तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हलकीच थापट मारली, अगदी वडिलांसारखी.

"कीड?" तिने विचारलं.

"मेलेली. बिनघोर ने," काका म्हणाले.

आता मी त्या फळीवर आहे. रेडिओ पुन्हा माझ्या पोटात आला आहे आणि ताई स्वयंपाक करताना तो लावते. छोटी माळ्यावरून उतरताना खांबाला मिठी मारून घसरत येते. पोटऱ्यांना कुसळं लागतात, रोज बोलणी खाते, तरी शिडी वापरत नाही. मधेच माझ्याजवळ थांबून कान लावते.

"आई, रेडिओ बंद आहे तरी आत वाजतंय."

"आजोबा स्टेशन लावत असतील," ताई म्हणते आणि फळीवरचा पांढरा भुगा फडक्याने टिपते. तिला वाटतं, खिळे ठोकले त्याचा भुसा अजून पडतोय. रोज सकाळी टिपते. हे घरही फार स्वच्छ आहे.

मधे एक उन्हाळा गेला. माझ्या पाठीला नवी भोकं पडली, पाठ भिंतीकडे असल्याने ती कोणाला दिसली नाहीत. परवा छोटीने मला कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"आज गप्पच आहे."

मग तिने कान खांबाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"आई, आता इथून वाजतंय."

"उतर आधी खाली, दूध निवतंय," ताई म्हणाली आणि हातात फडकं घेऊन फळीकडे आली.

ताई, मला परत शेडमध्ये टाक. चुलीत घातलंस तरी चालेल. पण आज ते फडकं लावू नकोस. एक दिवस, एकच दिवस, इथे धूळ पडू दे. आणि मग ती कुठून पडते ते वर मान करून बघ.