पाणी फाटलं

"पाणी फाटलं," आप्पा म्हणाले.

"पाणी न्हाई फाटत, देवाप्पाण्णा. तुमचा हात हालालाय." शेडचा मालक गिरीराज बोलला. गिऱ्हाइकाची गाडी गेटात उभी होती, म्हणून त्याचा आवाज चढला होता.

नीलिमा दारातच थांबली. व्हाइटफील्डच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आनेकलला आली होती, वडिलांना, आप्पांना, डॉक्टरकडे न्यायला. त्यांच्या उजव्या हाताचा कंप गणपतीपासून वाढला होता. गिरीराज म्हणतो ते खरंच असणार, असं तिलाही वाटलं; आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

आप्पांच्या हातातल्या आकड्याला तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पट्टी टांगलेली होती. अशा चोवीस पट्ट्या. त्यांच्यावर पुढे कार्बन फायबरचे काळे थर चिकटवायचे आणि त्यातून नकली पावलं घडायची. जोड सुटला तर माणूस चालता चालता कोसळणार.

"आप्पा, द्या. मी धरते."

त्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "हातमोजे घाल. पट्टीला बोट लागू देऊ नको."

तिने पट्टी पाण्यात बुडवली, वर काढून उभी धरली. तिचा हात स्थिर होता. आप्पा मोजू लागले; तीसपर्यंत पाणी अखंड राहिलं तरच पट्टी स्वच्छ. घरी मराठी बोलणारा हा माणूस धंदा कानडीतून शिकला होता, त्यामुळे आकडे कानडीतच मोजायचा. "ओंदु, एरडु, मूरु..."

पाण्याचा पातळ पडदा धातूवर ताणून बसला होता, एकसंध. पंधरापर्यंत काही झालं नाही. मग पट्टीच्या मधोमध, जिथं काहीच नव्हतं तिथं, पाणी हळूच मागे सरलं. भोक पडलं. गोल, बोटाच्या टोकाएवढं.

दुसरी पट्टी. त्याच जागी, तेवढंच भोक.

नीलिमानं पट्टी डोळ्यांजवळ आणली. डोळ्याला दिसणार नाही असं काहीतरी तिथं होतं, आणि पाण्याला ते ठाऊक होतं.

"आण्णा..." धुण्याच्या टाकीवर काम करणारी महानंदा मागून म्हणाली. "आयुधपूजेला मशीनींना कुंकू लावलं, तसं यांनाबी लावलं मी. तेलात कालवून. कुनाचं तरी पाऊल व्हायचं, म्हणून. दुसऱ्या दिवशी साबनानं धुतलं की वो."

"अय्यो अक्का!" गिरीराजनं कपाळाला हात लावला. "आता त्या गाडीवाल्याला काय, प्रसाद देऊ?"

"तिला ओरडू नको," आप्पा म्हणाले. "महानंदा, टिळा चुकला न्हाई. जागा चुकली. तेल नुसत्या साबणानं जात न्हाई, त्यावर पाणी ठरत न्हाई. घाणा परत काढायचा." भजी तळावीत तसे ते प्रत्येक खेपेला घाणाच म्हणत.

पट्ट्या आधी सोड्याच्या टाकीत गेल्या, मग तेजाबाच्या. तेजाबात वीज सोडली.

"हे काय करतं?" नीलिमानं विचारलं. इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मैत्रिणींना ती 'केमिकल कंपनीत असतात' एवढंच सांगायची.

"भोकं पाडालंय. मधाच्या पोळ्यागत, पण डोळ्याला दिसत न्हाईत. गोंद त्यात उतरतो, मूळ धरतो. गुळगुळीतावर कशाला ऱ्हाईल तो?"

दोन तासांनी तिनं पुन्हा पट्टी पाण्यातून वर उचलली.

"...इप्पत्तोंबत्तु, मूवत्तु."

तीस झाले. पाणी जागचं हललं नव्हतं. शेडचा पत्रा, ट्यूबलाइट, टाक्यांवरची वाफ, सगळं त्या पडद्यात अखंड उभं होतं. नीलिमा हात खाली घ्यायचं विसरली.

"चुकलं माझं, आण्णा," गिरीराज म्हणाला. "तुमचा हात ठीक हाय. सोमवारी नवा लॉट येतोय, तुम्हीच बघा."

"हात हालालाय, गिरीराज. ते काय खोटं न्हाई." आप्पांनी नीलिमाकडून आकडा घेतला आणि महानंदापुढे धरला. "धर. तेवीस ऱ्हायल्यात."

"मी? माझ्यामुळंच तर..."

"म्हणूनच. आता जन्मात तू बोट लावायची न्हाईस."

महानंदा हसली, डोळे पुसायला हात वर नेला, आणि हातमोजा आठवून तसाच थांबवला. डॉक्टरांची वेळ टळून गेली होती; नीलिमानं आठवण केली नाही.

आप्पा महानंदाच्या मागे एक पाऊल सरून उभे राहिले. डाव्या हातानं उजवं मनगट त्यांनी पाठीमागे घट्ट धरलं.

"ओंदु," ते म्हणाले.